दुसऱ्याच पेपराची उत्तरं

मास्तर माझी उत्तरपत्रिका न बघता माझी चुकलेली उत्तरं सांगायचे. ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबा गावात त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आम्ही समोरासमोर बसून सराव परीक्षा सोडवायचो. वेळ संपली की ते पेन खाली ठेवत, डोळे मिटत आणि म्हणत, "अकरावा चुकलाय तुझा. एकोणिसावाही. एकोणिसाव्याला 'ब' केलंयस तू." मी उत्तरं ताडून बघायचे. तसंच असायचं. पहिल्यांदा मी हसले होते. पुढे पुढे मला पान उलटायची भीती वाटायला लागली.

ते शिक्षक नव्हते. नागपूरहून अकाउंटिंग शिकायला सिडनीला आले, पीआर, म्हणजे कायम राहण्याची परवानगी, मिळाल्यावर टूवूंबात येऊन वृद्धांच्या केअर होममध्ये काम करू लागले. बुद्धवंदनेला जमणाऱ्या आमच्या चार घरांतल्या मुलांची गणितं घ्यायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. वय चाळिशीपार. मी मित्रा, हॉस्पिटलमध्ये नर्स, त्यांच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहणारी. दोघांनाही मेडिकलला जायचं होतं. पदवी झालेल्यांसाठी इथे वेगळी प्रवेशपरीक्षा असते. ती मास्तरांनी आधी तीनदा दिली होती.

परीक्षा झाली की बाकीचे लोक त्या विषयापासून पळतात. मास्तरांचं उलटं होतं. "पेपर घरी न्यायचा नाही," ते म्हणायचे. "वाटेतच उत्तरं जुळवून संपवून टाकायचा. नाहीतर झोपेत घुसतो." त्यांच्या स्वरात गंमत नसायची.

आणखी एक वाक्य त्यांच्या तोंडी असे: "हे आधी झालंय." मी कपात चहा ओतत असले की ते बोलता बोलता थांबत, नजर माझ्या खांद्यामागे कुठेतरी लागे, ओठ किंचित हलत. मग म्हणत, "हे आधी झालंय. आता तू साखर विचारणार." कधी गॅस बंद असताना विचारत, "काहीतरी करपतंय का?" मी नर्स असूनही ते सगळं त्यांचा स्वभाव म्हणून सोडून दिलं. याची मला अजून लाज वाटते.

एकदा शिफ्ट संपल्यावर मी त्यांना घ्यायला केअर होमच्या डिमेन्शिया वॉर्डात गेले होते. एक म्हातारी त्यांचा हात धरून परत परत विचारत होती, "जॅक, फाटक लावलंस ना? गुरं रस्त्यावर जातील." मास्तर दर वेळी तितक्याच शांतपणे सांगत होते, "लावलं. कडीसुद्धा घातली." गाडीत मी म्हटलं, "मास्तर, तिचा नवरा जॅक कधीच गेला ना?" ते म्हणाले, "तिच्या पेपरात तो प्रश्न आहे. माझ्या पेपरात नाही म्हणून मी उत्तर द्यायचं नाही का?"

परीक्षा ब्रिस्बेनला होती. जाताना गाडी मी चालवली, येताना मास्तरांनी. हायवेवर आमची जुळवाजुळव सुरू झाली. पहिले दहा-बारा प्रश्न नीट जुळले. दोन माझे चुकले, ते त्यांनी नेहमीसारखे मी बोलायच्या आतच सांगितले.

टूवूंबाच्या घाटाशी पोचलो तेव्हा जेमतेम चार वाजले होते, पण वर धुकं उतरलं होतं. चढाला लागल्यावर बॉनेटच्या पुढचं काही दिसेना. शेजारून ट्रक जायचा तो आधी ऐकू यायचा, मग त्याचे दिवे दिसायचे.

"आणि तो दीपगृहाचा उतारा," मास्तर म्हणाले. "विधवा दिवा विझवते तो. चौथ्याला तू 'क' केलंस. ती भीतीने नाही विझवत. 'अ' हवं होतं."

"असा उतारा नव्हता, मास्तर."

"विसरलास," ते हसून म्हणाले.

विसरलीस नव्हे, विसरलास. मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"तू नेहमी शेवटी घाई करतोस, प्रशांत," ते पुढे म्हणाले. "जाऊ दे. पॅरामॅटाला उतरू, हॅरिस पार्कला चालत जाऊ, खाऊन घेऊ काहीतरी."

प्रशांत म्हणजे सिडनीतला त्यांचा जुना रूममेट, आणि ही ठिकाणंही सिडनीतलीच. दोघांनी नऊ वर्षांपूर्वी ही परीक्षा एकत्र दिली होती, एवढं मला माहीत होतं. मी दोनदा मास्तरांना हाक मारली. त्यांनी मान वळवली नाही. स्टिअरिंगवरचे हात अगदी स्थिर होते, वेग योग्य होता, आणि गाडी चालवणारा माणूस त्या गाडीत नव्हता. हिसका दिला तर गाडी दरीत जाईल, ओरडले तर काय होईल कोण जाणे. मग मी प्रशांत होऊन त्यांच्याशी आयुष्यात कधी बोलले नव्हते तसं बोलले.

"अरे, थांबव जरा. मळमळतंय मला. बाजूला घे ना."

"सांगायचं ना आधी," ते म्हणाले. त्यांनी इंडिकेटर दिला, आरशात पाहिलं आणि गाडी कडेला, रुंद जागा बघून, व्यवस्थित उभी केली. मी हात लांबवून किल्ली काढून घेतली.

ते समोरच्या पांढऱ्याकडे बघत राहिले. ओठ हलत होते. एक ट्रक गेला, मग दुसरा. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "आपण का थांबलो, मित्रा?"

माझं नाव ऐकून मला रडू फुटलं. ते म्हणाले, "मी काय काय बोललो? एकूण एक सांग."

मी सांगितलं. मान खाली घालून त्यांनी ऐकून घेतलं आणि मला स्टिअरिंगवर बसता यावं म्हणून खाली उतरले. "चार महिने चाललंय," ते बाहेर धुक्यात उभे राहून म्हणाले. "वॉर्डात रोज बघतो मी. कळतं मला."

"मग परीक्षेला कशाला बसलात?"

"डोक्यात किती शिल्लक आहे ते बघायचं होतं."

"आणि मला शेजारी बसवून गाडी चालवलीत?"

मी त्यांच्यावर तेव्हा खरोखर चिडले होते. उरलेल्या घाटात गाडी मी चालवली.

दुसऱ्या दिवशी मास्तरांकडून नंबर घेऊन मी डार्विनला असलेल्या प्रशांतला फोन केला. त्या उताऱ्याबद्दल विचारलं. तो म्हणाला, "होता तो उतारा. दीपगृहाचा. मी 'क'च केलं होतं. पण त्याला कसं माहीत? त्या दिवशी आमचं कडाक्याचं भांडण झालं. हॉलमधून निघालो ते वेगवेगळ्या ट्रेनने. आम्ही कधी जुळवलंच नाही."

मास्तरांच्या मेंदूत डाव्या बाजूला गाठ निघाली. करपल्याचा वास, ते थबकणं, 'हे आधी झालंय' असं वाटणं, सगळं तिचंच होतं, असं डॉक्टरांनी समजावलं. प्रशांतच्या उत्तराचं काय, हे मी त्यांना विचारलं नाही.

निकाल लागला तेव्हा मास्तरांचं ऑपरेशन होऊन आठवडा झाला होता. मी हॉस्पिटलात जाऊन त्यांना त्यांचे गुण वाचून दाखवले. ते माझ्यापेक्षा बरेच जास्त होते. मुलाखतीला बोलावणं नक्की येण्याइतके.

"कुठल्या पेपरचे?" त्यांनी विचारलं.

"आपल्या. मार्चमधल्या."

ते खिडकीबाहेर बघत विचार करत राहिले. "तो मी दिला?"

"मी होते ना बरोबर."

"तू म्हणतेस तर दिला असेन," ते म्हणाले आणि समाधानाने डोळे मिटले.

त्यांची बहीण येऊन त्यांना नागपूरला घेऊन गेली. तिथे सहा महिन्यांनी ते गेले.

पुढच्या खेपेला मी एकटीच परीक्षेला गेले. बाहेर हिरवळीवर मुलं घोळका करून उत्तरं जुळवत होती. मी पार्किंगकडे निघाले तर एका मुलीने विचारलं, "शेवटच्याला काय केलंस?" मी सांगितलं. तिचं वेगळं होतं. तिचा चेहरा पडला, ती फुटपाथवर बसली. तिची आई घ्यायला येईपर्यंत मी तिच्याशेजारी बसून राहिले. मला त्या वर्षी प्रवेश मिळाला, पण त्या प्रश्नाचं बरोबर उत्तर तिचं होतं की माझं, हे मला कधीच कळलं नाही.