बाकांवरच्या गाद्या

आमच्या भाऊजींना जगातल्या सगळ्या दुखण्यांवर एकच औषध ठाऊक आहे: फोम. सोफे आणि खुर्च्या भरण्यात हयात गेली त्यांची. कुणा नवरा-बायकोचं पटत नाही असं कानावर आलं, की हे विचारतात, "घरात सोफा कुठला आहे?" ताई, म्हणजे त्यांची बायको आणि माझी सख्खी बहीण, अशा वेळी कपाळावर हात मारून घेते.

त्यामुळे आमच्या प्रार्थनाघरात तरुण मंडळी एकेक करून यायची बंद झाली, तेव्हा त्याचं कारणही भाऊजींनीच शोधून काढलं. बाकीचे मोबाइलला, कॉलेजला, संगतीला दोष देत होते. भाऊजी म्हणाले, "बाक टणक आहेत."

आम्ही हसलो. पण त्यांच्यापाशी पुरावा होता. त्यांचा मुलगा लहानपणापासून खिडकीजवळच्या बाकावर त्यांना खेटून बसायचा. यायचं बंद करण्याआधी काही महिने तो प्रवचनभर नुसता चुळबुळ करत होता. "बसलेला माणूस सारखा हलतो, तेव्हा बैठक चुकलेली असते," भाऊजी मला म्हणाले. मग खाली बघून पुटपुटले, "ती जागा रिकामी बघवत नाही गं."

मग महिनाभर दुकानात दुसरं काम नाही. गिऱ्हाइकांना पिटाळून भाऊजी फोम कापत बसले. प्रत्येक बाकाला लांबलचक गादी, वर निळं कापड, बांधायला नाड्या. खिडकीजवळच्या गादीत त्यांनी फोम जरा जास्त घातला. मी पाहिलं.

पहिल्याच प्रार्थनेला गाद्यांचा गुण दिसला. प्रवचन निम्म्यावर यायच्या आत पुढच्या बाकावरचे मास्तर घोरायला लागले. मग त्यांच्या पत्नी. ताईची मानही माझ्या खांद्यावर आली. प्रवचनकारांनी आवाज चढवला, तशी मंडळी आणखी ऐसपैस रेलली. तरुण म्हणाल तर एकही फिरकला नाही. शेवटी प्रवचनकार भाऊजींना म्हणाले, "काम उत्तम झालंय. तेवढं घेऊन जा."

भाऊजींचे गुडघे दुखतात, म्हणून गाद्या सोडायला ताईनं मुलाला धाडलं. रिकाम्या प्रार्थनाघरात बापलेक नाड्या सोडत होते, मी गाद्या रचत होते. खिडकीजवळची गादी उचलताना तो थबकला.

"ही एवढी जाड का?"

"तुला टोचत होतं ना," भाऊजी म्हणाले.

पोरानं गादी खाली ठेवली. मग म्हणाला, "बाबा, बाक कधीच टोचला नाही. माझा विश्वासच उरला नव्हता. नुसते ओठ हलवायचो. तुमच्या शेजारी बसून तेवढं खोटं वागणं जमेना."

"मग सांगायचंस की."

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"वाटलंच आहे," भाऊजी म्हणाले, आणि गुडघे धरून त्या उघड्या बाकावर बसले. जरा वेळानं मुलगाही बसला, त्यांना खेटून, आपल्या जुन्या जागी. बराच वेळ दोघं तसेच बसून राहिले. पोरगा जराही हलला नाही, हे मी मुद्दाम पाहिलं.

घरी परतताना मला राहवेना. मी भाऊजींना छेडलं, "इतका वेळ बसलात, प्रार्थना तरी केलीत का?"

"सुरू केली होती," ते म्हणाले. "पण जे मागायचं होतं, ते शेजारीच बसलं होतं."