सरकणारा डाग

माझ्या थोरल्या नणंदेइतकं मनापासून चिडणारं माणूस अख्ख्या पुण्यात दुसरं नाही, आणि पुण्याबद्दल असं विधान करायला धाडस लागतं. वन्संचा राग म्हणजे आरडाओरडा नव्हे. त्यांचा आवाज खाली जातो, समोरच्या 'तू'चा 'आपण' होतो, आणि मग जे ऐकायला मिळतं ते त्या माणसाला आठवडाभर पुरतं. त्यांनी सारी नोकरी एका संशोधन संस्थेत फुटलेल्या ताऱ्यांचा अभ्यास करण्यात घालवली. आमच्या नारायण पेठेतल्या इमारतीत मात्र त्या कायम 'ग्रह बघणाऱ्या बाई'. वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ मुलीची पत्रिका घेऊन आले, तेव्हा वन्संनी ती चष्मा लावून नीट वाचली आणि म्हणाल्या, "मंगळाबद्दल मला एवढंच ठाऊक आहे, की तो आपल्या मुलीला ओळखत नाही." ते गृहस्थ पुढे जिन्यात दिसले की भिंतीला चिकटून जात. वर्तमानपत्रात 'काल तारा फुटला' असं छापून आलं की संपादकांना पोस्टकार्ड जाई: काल फुटला नाही, काल दिसला, फुटून युगं लोटली, दिलगिरी छापावी. दिलगिरी कधी छापली गेली नाही, पोस्टकार्डं थांबली नाहीत. एका शाळेनं त्यांची ओळख 'ज्योतिषतज्ज्ञ' अशी करून दिली, तर त्यांनी शाल आणि नारळ तिथल्या तिथे परत केले. भाषण मात्र दीड तास केलं, कारण मुलांचा त्यात काही दोष नव्हता.

हे सगळे त्यांचे किरकोळ राग. खरा राग एकच होता आणि तो तीस वर्षं जुना होता. त्यांचं काम त्यांनी मला गवार मोडताना समजावलं होतं. डोंगरासमोर हाक मारली की ती परत येते, तसा उजेडही परत येतो. तारा फुटला, त्याचा सरळ आलेला उजेड आपल्या पणजोबा-खापरपणजोबांच्याही आधीच्या लोकांनी पाहिला आणि तो विझला. पण भलत्याच दिशेला गेलेला उजेड दूरच्या धुळीच्या ढगावर आपटतो आणि वळसा घेऊन शेकडो वर्षं उशिरा आपल्याकडे पोचतो. म्हणजे संपून गेलेली गोष्ट पुन्हा बघायला मिळते. तरुणपणी वन्संना आकाशाच्या जुन्या छायाचित्रांत असा एक अंधूक पट्टा सापडला. त्यांच्या साहेबांनी चित्राकडे धड न बघताच तो काचेवरचा डाग ठरवला. वन्संनी वेगवेगळ्या वर्षांची तीन चित्रं शेजारी ठेवून दाखवलं, की पट्टा दर वेळी जागा बदलतो, आणि डाग सरकत नसतो. साहेब म्हणाले, बाईंनी डोळे तपासून घ्यावेत. वन्संचा लेख पुढे गेलाच नाही. काही वर्षांनी परदेशातल्या मंडळींनी असेच पट्टे शोधले, त्यांचा गाजावाजा झाला, आणि आमच्या घरात दोन महिने कोणी मोठ्यानं बोललं नाही.

गेल्या वर्षी कळलं, की साहेब आता येरवड्याला मुलीकडे राहतात. वन्सं म्हणाल्या, "चल माझ्याबरोबर. एक गोष्ट तोंडावर सांगायची राहिली आहे." ती तीन चित्रं त्यांनी एक्स-रेच्या जुन्या पाकिटात घातली. काय बोलायचं ते आठवडाभर घोकलेलं होतं. मी ऐकलं होतं, आणि मला साहेबांची काळजी वाटत होती.

दार मुलीनं उघडलं. बाबांना आता माणसं ओळखू येत नाहीत, असं तिनं हळूच सांगितलं. साहेब खिडकीशी बसले होते. त्यांनी नम्रपणे आपण कोण म्हणून विचारलं. वन्संनी पाकीट उघडलं आणि तिन्ही चित्रं त्यांच्यासमोर मांडली. साहेबांनी एकावर बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर.

"हे सरकतंय," ते म्हणाले.

वन्संचा चेहरा लाल झाला होता. आता सुटणार, असं मला वाटलं. पण त्या खुर्ची ओढून बसल्या आणि मला सांगितलं होतं तसंच, डोंगरापासून सुरुवात करून, सगळं समजावू लागल्या. साहेब मधूनमधून प्रश्न विचारत होते, आणि प्रश्न चांगले होते. शेवटी त्यांनी विचारलं, "फार सुंदर. हे शोधलं कोणी?"

"आपल्याच संस्थेतल्या एका मुलीनं."

"तिला सांगा, लगेच छापून टाक म्हणावं. अशा कामाला उशीर करू नये."

"सांगते," वन्सं म्हणाल्या.

परतीच्या रिक्षात मी फणफणत होते. ती मुलगी कोण ते का नाही सांगितलंत, एवढी वर्षं मनात धरलेलं एक वाक्यही का नाही बोललात, असं मी बरंच काही बोलले. वन्सं पाकीट मांडीवर धरून बसल्या होत्या.

"अगं, आज त्यांनी नीट बघितलं," एवढंच त्या म्हणाल्या.

हल्ली वन्सं फारशा चिडत नाहीत. वर्तमानपत्र वाचतात आणि घडी घालून ठेवतात. घरातल्या सगळ्यांना बरं वाटतं. मला नाही वाटत.