राजाच्या उडीशिवाय

काकीचा फोन आला तेव्हा मी चंदनसारला घरीच होते, कपडे वाळत घालत होते. ती रडत नव्हती. "तुझा काका दुपारचा जेवून झोपला तो उठलाच नाय गं," एवढंच म्हणाली. मागे सुरूच्या झाडांतला वारा ऐकू येत होता. नालासोपाऱ्याहून रिक्षा करून मी कळंबला पोचले तोवर ओट्यावर माणसं जमली होती. हरीकाका आत चटईवर होते. चेहऱ्यावर कसलाही त्रास नव्हता. दुपारी बोंबलाचं कालवण होतं, आणि काकी येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगत होती, की पोटभर जेवला, वर पुन्हा कालवण मागून घेतलं. आज काही आठवड्यांनी लिहायला बसले आहे, तरी पहिलं तेच वाक्य आठवतं. माणूस भरल्या पोटी, स्वतःच्या घरात गेला. मला त्याचं समाधान आहे, आणि ते लपवावं असं वाटत नाही.

हरीकाका माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. तरुणपणी होडीवर जायचे, पुढे गुडघे दुखायला लागल्यावर घरामागे दोन खोल्या बांधल्या आणि शनिवार-रविवारी येणाऱ्या पाहुण्यांना भाड्याने द्यायला लागले. आमच्या घराण्यात कॉलेजची पदवी घेतलेली मी पहिली. हे मी सांगते, कारण मला त्याचा अभिमान आहे, आणि माझ्यापेक्षा जास्त तो हरीकाकांना होता. पाहुण्यांना खोलीची चावी देतानासुद्धा सांगायचे, "आमची पुतनी बी.कॉम. हाय." पाहुणे बिचारे "अरे वा" म्हणायचे आणि पाण्याची टाकी कुठे आहे ते विचारायचे. चावी दिली की काका दुसरा प्रश्न टाकायचे, "बुद्धिबल येतं का?" येतं म्हणणारा माणूस मग समुद्रावर उशिरा जायचा.

काका हा खेळ आपल्या वडिलांकडून शिकले होते, होडीवर, भरतीची वाट बघत. म्हणजे जुन्या देशी नियमांचा खेळ. त्यात राजाला एक खास सवलत असते. त्याला एकदाही शह बसलेला नसेल, तर अख्ख्या डावात एकदा तो घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारू शकतो. सगळीकडून कोंडलेला राजा टुणकन उडून बाहेर पडतो. या एका उडीवर काकांनी पाहुण्यांना किती वेळा रडवलं असेल, देव जाणे. मुंबईचा एक कॉलेजातला मुलगा चिडून म्हणाला होता, "काका, ये कौनसा रूल है?" काका शांतपणे म्हणाले, "कलंबचा. खोलीत लिहून लावलाय, पंख्याच्या बटनाखाली." तसं काही लिहिलेलं नव्हतं. पण मुलगा खरोखर बघायला गेला.

या उडीपायीच त्यांची जुनी दोस्ती तुटली होती. पापडीचे इनासकाका त्यांचे लहानपणापासूनचे मित्र. सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि गावातल्या वाचनालयात जमणाऱ्या बुद्धिबळवाल्या मंडळींत बसायला लागले. तिथे नवे नियम होते, जे आज जगभर चालतात. पूर्वी दोघे रविवारी संध्याकाळी कळंबच्या ओट्यावर खेळायचे, इनासकाका चर्चमधून येऊन, जेवून, दुपारची झोप काढून मग स्कूटरवर यायचे. एका रविवारी इनासकाकांनी डाव असा बांधला की पुढच्या चालीला मात. हरीकाकांचा राजा उडाला, आणि मग हळूहळू डाव त्यांच्याकडे झुकला, ते जिंकलेसुद्धा. इनासकाका उठले. "हऱ्या, ही उडी जगात कुठंच नाय," म्हणाले. "जगाला सांग कलंबला येऊन बघ," काका म्हणाले. इनासकाकांनी हार मान्य केली नाही, स्कूटर चालू केली आणि गेले. त्यानंतर काही वर्षं ते आले नाहीत. लग्नाकार्यात समोरासमोर आले तर नमस्कार व्हायचा, तोही काकीमुळे.

काका वरून काही दाखवत नव्हते, पण काकी मला म्हणाली होती, "रविवारी संध्याकाळी तो रस्त्याकडं तोंड करून बसतो." मी एका सुट्टीत गेले तेव्हा त्यांनी स्वतःच विषय काढला. "मी उडीशिवाय इनासला हरवू शकतो का, ते बघायचंय. म्हनजे आपन खरे खेलनारे होतो, का नुसते उडनारे होतो?" हसत म्हणाले, पण मला कळलं की हा प्रश्न त्यांना आतून कुरतडतोय. मी त्यांच्या फोनवर बुद्धिबळाची एक फुकट साईट उघडून दिली. नाव काय देऊ विचारलं तर म्हणाले, "कलंबचा हरी. अजून काय?" फुकट आहे म्हटल्यावर त्यांना संशय आला. "फुकट कोन शिकवतो? मागून काय विकतात?" काही विकत नाहीत म्हटलं, तर संशय आणखी वाढला.

पहिल्याच डावात त्यांनी राजा उचलला आणि उडी मारायला लावली. राजा परत जागेवर जाऊन बसला. पुन्हा लावला, पुन्हा परत. बोट पुसलं, स्क्रीन पुसली, परत तेच. "फोन बिघडला गं," म्हणाले. मी म्हटलं, "फोन नाही बिघडला काका. त्याला ही चाल ठाऊकच नाही." राजा एकच घर सरकवून म्हणाले, "ठीक हाय. पायी चालू."

डाव संपला की विश्लेषणाचं बटन दाबायचं, हे मी शिकवलं. यंत्र सगळा डाव परत तपासतं, कुठे चुकलं ते दाखवतं, कुठली चाल बरी होती तिथे बाण काढतं. पटाच्या बाजूला एक उभी पट्टी असते, अर्धी पांढरी, अर्धी काळी. ज्याचा डाव वरचढ त्याचा रंग चढत जातो. काकांनी ती पट्टी बघितली आणि लगेच म्हणाले, "हे तर पानी. भरती कोनाची, ओहोटी कोनाची." मला कॉलेजात तक्ते आणि आलेख शिकवले होते, पण ते एवढ्या चटकन कधी डोक्यात शिरले नव्हते. तेव्हापासून आमच्यात तोच शब्द. फोनवर विचारायचे, "मी डाव पाठवलाय. बघ, कुठं पानी उतरलं माझं?"

त्यांचं शिक्षण मराठी शाळेत सातवीपर्यंत झालेलं. इंग्रजी अक्षरं जोडून जोडून वाचायचे. एकदा मी गेले तर ओट्यावर शेजारचे दोघेतिघे बसले होते आणि काका रंगात आले होते. "मशीन बोलली, हरी, तुझी ही चाल बुलंद. एका डावात चार बुलंद काढल्या मी." शेजारी माना डोलवत होते. मी फोन हातात घेतला. प्रत्येक बुलंद चालीसमोर लाल रंगात दोन प्रश्नचिन्हं होती. मला बोलल्यावाचून राहवत नाही, माझा स्वभावच तसा. म्हटलं, "काका, हे बुलंद नाही, ब्लंडर आहे. म्हणजे घोडचूक." शेजाऱ्यांपैकी एक जण हळूच म्हणाला, "म्हनजे चार घोडचुका?" काकांनी माझ्याकडे बघितलं, फोनकडे बघितलं, आणि असे हसले की काकी आतून बघायला आली. "म्हनूनच म्हटलं, लाल कशाला करतंय." नंतर त्यांनी तो शब्द सोडला नाही. काकीच्या हातून मीठ जास्त पडलं की "आज आमटी बुलंद." मी रिक्षा चुकवली की "बी.कॉम.वालीची बुलंद." काकीनेही एकदा परत केलं. पाहुण्यांची चावी काका खिशात घालून बाजारात गेले होते आणि पाहुणे सामान घेऊन दारात उभे. ते परत आले तशी ती म्हणाली, "या, बुलंदराव."

पण शिकले मात्र खरे. रोज सकाळी पाहुण्यांच्या खोल्या झाडून झाल्या की चहा घेऊन बसायचे. आदल्या दिवसाचा डाव उघडायचे, जिथे पाणी उतरलं तिथे थांबायचे, आणि बाण बघण्याआधी स्वतः विचार करायचे. बाण झाकायला फोनवर चक्क अंगठा धरायचे. "उत्तर आधी बघितलं तर मग डोस्कं कशाला?" आणि एक नियम त्यांनी स्वतःला घालून घेतला होता. डाव चालू असताना यंत्राला हात लावायचा नाही. डाव संपला की हवं तेवढं विचारा. मी एकदा म्हटलं, कोणाला कळणार आहे? "मला कळेल की," म्हणाले.

मग एके दिवशी त्यांनी मला इनासकाकांना निरोप पाठवायला लावला. इनासकाकाही त्याच साईटवर खेळायचे, आणि तिथे असा सावकाश डाव लावता येतो, की एकेका चालीला काही दिवसांची मुदत मिळते. निरोपात त्यांनी एवढंच लिहायला सांगितलं, "उडी नाय. येतोस का?" दुपारपर्यंत उत्तर नाही. काका तीन वेळा म्हणाले की रेंज नसेल पापडीला. संध्याकाळी इनासकाकांची पहिली चाल आली. शब्द एकही नाही, नुसतं एक प्यादं पुढे. काकांनी ते काकीला दाखवलं. काकी म्हणाली, "एवढं एक प्यादं ढकलायला त्याला एवढी वर्षं लागली?"

असे त्यांचे बरेच डाव झाले. आधी नुसत्या चाली, मग चालीबरोबर टोमणे, आणि एका रविवारी संध्याकाळी स्कूटरचा आवाज. इनासकाका केळ्यांचा फणा घेऊन आले, जसे काही मागच्याच आठवड्यात येऊन गेले होते. दोघांनी भांडणाचा विषय काढला नाही. पण हरीकाका एकही डाव जिंकले नाहीत. एक बरोबरीत सोडवला, त्या दिवशी काकीला नारळाच्या वड्या करायला लावल्या. बाकी सगळे हरले. दरवेळी विश्लेषण करायचे आणि म्हणायचे, "जवल आलोय. पुढचा माझा." शेवटचा डाव असाच चालू होता, आणि चाल काकांची होती.

दहावं झालं त्या दिवशी कोनाड्यातला त्यांचा फोन वाजला. काकीने मला आणून दिला. "हे काय सांगतंय बघ." साईटची सूचना होती, तुमची चाल बाकी आहे, मुदत संपत आली आहे. मी काकीला समजावलं, मुदत संपली तर काका हरले असं धरतील. "मग तू कर की चाल," ती म्हणाली. मला ते करवेना. यंत्राला विचारणंही करवेना, डाव चालू होता ना... "त्यांचा डाव आहे काकी," मी म्हटलं. "हरले तर हरले. आधी काय कमी वेळा हरले?" ती पदर तोंडाला लावून हसली, आणि मग तेवढ्यातच रडली. त्या दिवसांत प्रथमच.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन बघितला तर डाव संपलेला. इनासकाकांनी डाव सोडला होता. त्यांच्या नावापुढे हार, आणि कळंबच्या हरीच्या नावापुढे विजय.

मी तशीच पापडीला गेले. इनासकाका वाडीत केळीची वाळलेली पानं काढत होते. मी फोन पुढे केला. "डाव संपला, आता बघायला हरकत नाही," म्हटलं आणि विश्लेषणाचं बटन दाबलं. पट्टी सगळी त्यांच्या बाजूला चढलेली होती. "तुम्ही जिंकत होतात, काका."

"ठाऊक हाय मला," ते म्हणाले. "त्याला पन ठाऊक होतं. म्हणून तर चाल करीत नव्हता, लबाड."

"मग सोडलात कशाला? त्यांना असा फुकटचा विजय चालला नसता."

त्यांनी कोयता खाली ठेवला आणि बांधावर बसले. "हा डाव त्याचा नव्हताच बाय. मी तो जुना डाव सोडला, ओट्यावरचा. त्या दिवशी आमी उडीचंच खेळत होतो. बसताना मला नियम ठाऊक होता, लहानपणापासून ठाऊक होता. तो नियमानं जिंकला, आणि मी हरलो म्हटलं नाय. समोर बसून म्हणायला जीभ उचलली नाय, ती नाय उचलली... आता बटन होतं, दाबलं."

हरीकाकांचा प्रश्न, की आपण खरे खेळणारे की नुसते उडणारे, तो इनासकाकांना कोणी सांगितलेला नव्हता. मी तेव्हा सांगितला. त्यांनी मान हलवली. "हऱ्या येडाच. उडी कधी मारायची ते कळायला खेळ यावा लागतो." मग थोड्या वेळाने, "आणि उडीशिवाय पन एखादा जिंकला असता. या डावात नाय. पुढच्यात."

आता रविवारी संध्याकाळी मी कळंबला असते. इनासकाका येतात. मी काही फार चांगली खेळत नाही, पण हरल्यावर डाव फोनवर भरते आणि कुठे चुकलं ते काढते, बाणावर अंगठा ठेवून. सोंगट्या मांडून झाल्या की इनासकाका दरवेळी गंभीर चेहऱ्याने विचारतात, "उडीचं, का बिनउडीचं?" उडीचं खेळलो तर तो डाव मांडून यंत्राला विचारता येत नाही, उडीपाशी ते अडतं. म्हणून मी विचार करत बसते. तेवढ्यात आतून काकीचा आवाज येतो, "आधी चहा घ्या. मग कोनाला उडायचं ते उडा."