एवाल्डचा गिलावा

घर सोडा, असं नोटिशीत म्हटलं होतं. ते इर्मा विश्नेव्स्कीने एकदाच वाचलं. पण खालचं वाक्य तिने तीनदा वाचलं: 'भाडेकरू खिडक्या नीट उघडत नसल्यामुळे भिंतीला बुरशी आली आहे.' तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर कागद टेबलावर आपटला.

"मी? मी खिडक्या उघडत नाही?"

आता सांगा! जिने एकोणपन्नास वर्षं सकाळी सहाच्या ठोक्याला घरातल्या सगळ्या खिडक्या सताड उघडल्या, बर्फ पडो नाहीतर पाहुणे कुडकुडोत, दहा मिनिटं म्हणजे दहा मिनिटं, तिला हे ऐकवायचं? जर्मनीतल्या गेल्झेनकिर्शेनच्या त्या जुन्या खाणकामगार वस्तीत लोक तिच्या खिडक्या बघून घड्याळं लावायचे. खिडकी दिवसभर किलकिली ठेवून हिंडायला जाणारा माणूस इर्माच्या लेखी माणूसच नव्हता. त्यात ती वही ठेवायची. कधी उघडली, कधी लावली, बाहेर थंडी किती. अकरा वह्या भरल्या होत्या.

त्या अकराच्या अकरा तिने टेरहोर्स्टच्या पुढ्यात टाकल्या. हा टेरहोर्स्ट म्हणजे खाण बंद पडल्यावर वस्ती विकत घेणाऱ्या कंपनीचा माणूस. बूट न पुसता आत आला होता.

"बाई, वहीत काय, कोणीही काहीही लिहील."

"कोणीही नाही लिहिलेलं. मी लिहिलंय."

"झोपायच्या खोलीत बुरशी आहे की नाही?"

"आहे ना. तुमच्या भिंतीला आहे. मला नाही आलेली."

"हे बघा, वय झालं की माणूस थंडीला भितो. माझी आईसुद्धा हल्ली खिडक्या लावूनच बसते."

"तुमच्या आईचं मला नका सांगू. तिने तुम्हाला पाय पुसायला शिकवलं नाही, तेवढं कळलं मला."

टेरहोर्स्ट गेला. जाताना म्हणाला, वर्षअखेर घर रिकामं पाहिजे. इर्माने त्याच्या पाठीमागे दार असं आपटलं की वरच्या मजल्यावरची नुरजान खाली धावत आली.

"मावशी, भांडून भिंत सुकत नाही," नुरजान म्हणाली. "भाडेकरू संघाकडे जाऊ. तपासायला कोणीतरी जाणतं माणूस बोलवू."

"बोलव. पण बूट पुसणारं बोलव."

आली ती डूसिंग नावाची इंजिनिअर. उंच, अबोल बाई. बूट दारातच काढले तेव्हा इर्माला ती पसंत पडली. टेरहोर्स्टही आला होता, मोबाइलवर फोटो काढत. डूसिंगबाईने खोलीतल्या हवेचा दमटपणा मोजला, भिंतीला यंत्र लावलं आणि मग, खरं सांगतो, खुर्चीत बसून दोन वह्या वाचल्या.

"इतकी कोरडी हवा मी या महिन्यात एकाही घरात पाहिली नाही," ती म्हणाली. "यांचा काही दोष नाही."

इर्माने टेरहोर्स्टकडे असं पाहिलं की त्याने मोबाइल खाली घेतला. पण तिचा हा आनंद पाच मिनिटंही टिकला नाही.

डूसिंगबाई बाहेर गेली. घराच्या जोत्यापासून खिडकीपर्यंत करडा, गुळगुळीत गिलावा होता. तिने त्यावर बोटाच्या पेराने टकटक केलं. आवाज पोकळ आला.

"हा सिमेंटचा गिलावा कुणी केला?"

नुरजानने इर्माकडे पाहिलं. कोपऱ्यात खिळ्याने कोरलेलं होतं: ए. वि., १९८३.

"विटा जमिनीतली ओल ओढतात," डूसिंगबाई सांगत होती. "पूर्वी इथे चुन्याचा गिलावा असणार. चुन्यातून ओल बाहेर निघून जायची. सिमेंटने बाहेरची वाट बुजवली, म्हणून ती वर चढून खोलीत शिरते. एवढी साधी गोष्ट ज्याला कळली नाही, त्याने भिंतीचं वाटोळं केलंय."

ए. वि. म्हणजे एवाल्ड विश्नेव्स्की, इर्माचा नवरा. खाणीतली पाळी संपवून तीन आठवडे रोज संध्याकाळी थापी घेऊन उभा राहिला होता. सगळी वस्ती बघायला आली होती. तो जाऊन नऊ वर्षं झाली, तरी दर शनिवारी ती तो गिलावा ब्रशने घासून धूत होती.

टेरहोर्स्टला मात्र हुरूप आला. "म्हणजे भाडेकरूने परस्पर केलेलं काम! मग तर नुकसानभरपाईसुद्धा मागता येईल आम्हाला."

"परस्पर?" इर्मा म्हणाली. एकच शब्द, पण नुरजान दोन पावलं मागे सरकली.

इर्मा आत गेली. पलंगाच्या वर, नेमकी त्याच ओल्या भिंतीवर, एक चौकट होती. तेव्हाच्या घरमालकाचं, म्हणजे खाणीच्या घरविभागाचं, प्रशस्तिपत्र. तिने ते काढलं. मागे चौकटीच्या आकाराची काळी बुरशी होती. याच भिंतीला उशी टेकून एवाल्ड शेवटची सहा वर्षं खोकत होता. खाणीतली धूळ, डॉक्टर म्हणायचे, आणि तेच खरं असणार. पण ही ओलही तो रात्रंदिवस ओढत होता, आपल्याच हाताने कोंडलेली. इर्माला त्याचा इतका राग आला की चौकट फेकून द्यावीशी वाटली.

चौकट हातात धरून ती भिंतीशी उभी राहिली. हे दाखवलं तर घर वाचेल, पण एवाल्डच्या आयुष्यातलं एकुलतं एक बक्षीस त्याच्या चुकीचा पुरावा म्हणून फायलीत जाईल. नाही दाखवलं तर तो शहाणा राहील आणि ती रस्त्यावर येईल.

"शहाणा कसला, गाढव मेला!" ती मोठ्याने म्हणाली आणि बाहेर आली.

"वाचा," तिने चौकट टेरहोर्स्टच्या छातीवर टेकवली. "मोठ्याने वाचा. सगळ्यांना ऐकू दे."

कागदावर डाग पडले होते, पण अक्षरं दिसत होती. टेरहोर्स्ट वाचू लागला आणि प्रत्येक ओळीला त्याचा आवाज खाली गेला. 'आमच्या सूचनेनुसार आणि आम्ही पुरवलेल्या सिमेंटमध्ये एवाल्ड विश्नेव्स्की यांनी केलेले गिलाव्याचे काम आदर्श आहे.'

"घरांबरोबर हे शहाणपणही विकत घेतलंत तुम्ही," इर्मा म्हणाली. "आता निस्तरा."

नोटीस मागे घेतली गेली. माफी कोणी मागितली नाही, आणि मागितली असती तरी इर्माने ती घेतली नसती. एप्रिलमध्ये सिमेंट काढून चुना लावायला कामगार आले. मुकादम भला होता. त्याने कोपऱ्यातली अक्षरं पाहिली.

"बाई, एवढा तुकडा कापून काढू? आठवण म्हणून?"

"काही नको. तिथूनच सुरू करा."

पहिल्या घावाला अक्षरं पडली. मागच्या विटा काळ्या, ओल्या होत्या, आणि तळघरासारखा वास आला. इर्मा हाताची घडी घालून सगळा दिवस तिथे उभी राहिली, जेवलीसुद्धा नाही.

दर रविवारी ती एवाल्डच्या थडग्यावरची फुलझाडं बघायला जायची. त्यानंतर चार रविवार गेली नाही. नुरजानने विचारलं तर म्हणाली, "त्याला कळू दे जरा." पाचव्या रविवारी मात्र झारी घेऊन गेली, वाळलेली पानं खुडली, पाणी घातलं आणि निघताना दगडाकडे न बघता म्हणाली,

"सुकतेय भिंत, गाढवा."