दसऱ्याला पुजलेला परवाना

आमचा शेजारी चंद्रपूरजवळच्या धावपट्टीवर विमान चालवायला शिकवतो. स्कूटर काढतानाही तो ब्रेक, दिवा, चाकं मोठ्याने म्हणत तपासतो, मगच किल्ली फिरवतो. मला तो त्यामुळेच आवडतो.

वैमानिकाने परवाना मोबाईलमध्ये बाळगला तरी आता नियमाला चालतं. त्याचा नवा परवाना फोनातच आला. दसऱ्याला कुरखेड्याहून आलेल्या त्याच्या वडिलांनी विळा, कुऱ्हाड देवापुढे मांडली आणि नेहमीप्रमाणे पूजेत ठेवायला परवाना मागितला. त्याने फोन ठेवला.

"कागद कुठी हाय?"

"यातच हाय, बाबा."

तेवढ्यात पडदा काळा झाला. "इझला ना बाप्पा! असा कसा परवाना?"

मग पडदा पुन्हा विझू नये म्हणून तो त्यावर बोट फिरवत बसला. वीज सकाळपासून नव्हती, बॅटरी संपत आलेली आणि तासाभराने त्याचं उड्डाण.

"बंद कर," पूजेला आलेला मी त्याच्या कानाशी पुटपुटलो. "धावपट्टीवर काय दाखवशील?"

"बाबा हात जोडून उभे हायेत, काकाजी."

आरतीबरोबर फोनही संपला. अंगणात येऊन त्याने माझ्या फोनवरून धावपट्टीवर कळवलं, "परवाना जवळ नाही. आज मी उडत नाही."

आतून वडील म्हणाले, "जा आता, उशीर होऊन राह्यला."

"आज सुट्टी हाय, बाबा," तो म्हणाला आणि त्यांच्या पाया पडला.