नव्या यादीतली होडी

आमच्या खाडीला पूल नव्हता. आचऱ्याकडच्या किनाऱ्यावर आमचे गाव खाडीच्या अलीकडे आणि हायस्कूल पलीकडे. मधल्या पाण्यावर सरकारी मक्त्याची होडी चाले. तिला आम्ही तर म्हणायचो आणि ती चालवणाऱ्याला तारी. माझ्याआधी आमच्या घरात कुणी कॉलेजचे तोंड पाहिले नव्हते. मी पाहिले, त्यात या तारीकाकांचा वाटा मोठा आहे. दहावीच्या परीक्षेत ते माझ्यासाठी पलीकडच्या धक्क्याला होडी बांधून बसून राहत आणि मी दिसताच लांबूनच ओरडत, "काय रे झिला, पेपर सोपो होतो मां?"

पण ज्येष्ठ लागला की हेच काका होडी काठावर ओढून पालथी घालत, तिच्यावर माडाच्या झावळ्यांची चुडते पसरत, आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देईपर्यंत तिला हात लावत नसत. खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा आहे. पावसात डोंगरावरून येणारे पाणी आणि आत घुसणारा समुद्र त्या दांड्यावर भिडतात. ते महिने मी पलीकडे एका गुरुजींच्या पडवीत काढत असे. तर बंद का, असे कधी कुणी विचारले नाही. सरकारी मक्तासुद्धा तसाच लिहिलेला असे: नारळी पौर्णिमेपासून ज्येष्ठ शुद्ध प्रतिपदेपर्यंत.

पदवी घेतल्यावर मला जिल्हा कचेरीत कॉम्प्युटरवर नोकरी लागली. ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. चपला बाहेर काढून आत जायची ती थंडगार खोली मला देवळासारखी वाटे. जुन्या रजिस्टरांवरून जिल्ह्यातल्या सरकारी मक्त्यांची यादी मी स्वतः यंत्रात भरली होती. त्यात शेऱ्याचा एक रकाना होता आणि तरींच्या पुढे मी त्या तिथी इंग्रजी अक्षरांत जशाच्या तशा टाइप केल्या होत्या. तीन-चार शाखांचे कारकून येऊन आपल्याला हवे ते त्या यादीतून काढून घेत.

मग एका उन्हाळ्यात मुंबईहून फ्लॉपीवर नवी यादी आली. सगळ्या राज्याचे मक्ते आता एकाच साच्यात येणार होते. प्रोग्राम जुनाच राहणार, फक्त त्याने माहिती नव्या यादीतून घ्यायची. सगळ्या शाखांना मेअखेर नव्या यादीवर आणायचे काम माझ्याकडे आले.

मी ते मनापासून केले. एकेकाला शेजारी बसवून शिकवले. कुणी चुकून जुने कागद वापरू नयेत म्हणून जुने छापील ताव शाखाशाखांतून गोळा करून रद्दीत पाठवले. डिस्कवर दोन याद्या मावत नव्हत्या, म्हणून जुनी पुसायची होती.

पुसायच्या आदल्या दिवशी महसूल शाखेचे अव्वल कारकून आले. त्यांना सगळे भाऊ म्हणत. पडद्याजवळ चष्मा नेऊन ते तरींच्या ओळी वाचत राहिले.

"पौर्णिमा खंय गेली रे?"

"भाऊ, नव्या यादीत शेऱ्याचा रकाना नाही. नुसत्या तारखा. एक एप्रिल ते एकतीस मार्च."

"म्हणजे तर बारा महिने चालू? तुझ्या ह्या डब्याक चंद्र दिसणा नाय काय?"

खोलीतले सगळे हसले. मीही हसलो. म्हणालो, "पावसात तर बंद असते हे कुणाला ठाऊक नाही, भाऊ? ते यंत्राने कशाला सांगायला हवं?"

भाऊ हसले नाहीत. "ठावक असलेलो माणूस बदली होऊन गेलो की मगे?" एवढे बोलून ते चपला घालून निघून गेले. मी जुनी यादी पुसली. एक प्रत तेवढी फ्लॉपीवर काढून कपाटात ठेवली.

आषाढात नवे अधिकारी आले. घाटावरचे, फोंडाघाट उतरून पहिल्यांदाच कोकणात आलेले. माणूस वाईट नव्हता. कागदाला धरून चालणारा होता. त्यांना आमच्या पलीकडच्या गावांची पाहणी करायची होती आणि त्यांना कळले की तर बंद आहे. त्यांनी यादी मागवली. ती मीच छापून दिली होती. यादीत तर चालू होती.

दुसऱ्या दिवशी भाऊंनी नोटिशीची कार्यालयीन प्रत माझ्यासमोर ठेवली. मक्ता चालू असताना विनापरवानगी सेवा बंद ठेवल्याबद्दल तीन दिवसांत तर सुरू करावी, अन्यथा मक्ता रद्द होऊन मक्तेदाराचे नाव काळ्या यादीत जाईल. खाली तारीकाकांचे नाव होते.

"बघ, तुझ्या यादीतसून इला," भाऊ म्हणाले.

मी कपाटातली फ्लॉपी काढली. तिच्यावर पांढरी बुरशी धरली होती. यंत्राने ती दोन-तीनदा करकरत फिरवली आणि वाचता येत नाही असे सांगितले. मी अधिकाऱ्यांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

"तुमचं म्हणणं खरं असेल. पण यादी वरून आलेली आहे, ती मी किंवा तुम्ही बदलू शकत नाही. मूळ करारनामा दाखवा, मी लगेच स्थगिती देतो."

मूळ करारनामा अभिलेख कक्षात, कुठल्यातरी गाठोड्यात होता. भाऊ म्हणाले, "मी शोधतंय. तू गावाक जा, होडी पाण्यात घालू नको म्हणान सांग."

दुपारच्या एसटीने मी गावी पोहोचलो. काठावर चुडते बाजूला पडली होती आणि होडी सुलटी केलेली होती. काका तिच्या फटीत डांबर भरत होते. वारा नव्हता, तरी मुखाकडून एकसारखा घुमणारा आवाज येत होता. खाडीचे पाणी लाल होते आणि त्यातून अख्खे केळीचे खांब वाहत चालले होते.

"बरो इलंस. माका वाचूक येणा नाय. कोतवालान काय सांगल्यान तां खरां काय, तूच वाच रे झिला."

मी नोटीस वाचून दाखवली. ते मान खाली घालून ऐकत होते.

"सरकाराक ठावक नाय काय, ह्या दिवसांत तर बंद असता ती?"

"चूक झालीय काका. कागद शोधतायत. तुम्ही होडी घालू नका."

"तू सांगतंस तां खरां. पण हो कागद काय सांगता?" त्यांनी डांबराचे हात पंच्याला पुसले. "तर बंद ठेव म्हणान तू लिहून दी. तुझी सही कर. मगे मी बसतंय घराक."

माझ्या खिशाला पेन होते. काकांची बायको दारातून माझ्याकडे बघत होती. मी कोण होतो? कचेरीतला सर्वांत धाकटा नोकर, अजून कायम न झालेला. साहेबांच्या नोटिशीविरुद्ध माझी सही काय कामाची, असे मी स्वतःला सांगितले. घरात पहिल्यांदाच आलेली नोकरी डोळ्यांपुढे होती, हेही खरे.

"उद्या साहेबांचीच सही आणतो," मी म्हणालो.

"उद्या तिसरो दिवस," काका म्हणाले, आणि पुन्हा फटीकडे वळले.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने मी परत गेलो. भाऊंना करारनामा मिळाला होता. कडा वाळवीने खाल्लेल्या, पण पौर्णिमा शाबूत होती. साहेबांनी वाचला, मला बसायला सांगितले आणि दोन ओळी लिहून सही केली. ते म्हणाले, "हे आधी का नाही दाखवलंत?" मी कागद पिशवीत घालून एसटी गाठली.

मी गावात उतरलो तेव्हा भरती संपून ओहोटी लागली होती. काठावर बरीच माणसे मुखाकडे बघत उभी होती. होडी काठावर नव्हती. काका सकाळपासून वाट पाहून दुपारी एकटेच निघाले होते. उतारू कुणी बसायला तयार नव्हते. नुसते पलीकडे जाऊन यायचे, म्हणजे तर चालू झाली असे तलाठ्याला सांगता येईल, असे बायकोला सांगून गेले. जाताना पोहोचले. येताना मधल्या धारेत एक वल्हे मोडले आणि होडी मुखाकडे ओढली गेली. त्यापुढचे कुणाला दिसले नव्हते.

सही केलेला कागद मी पिशवीतून काढला आणि कुणाला द्यावा ते न कळून तसाच धरून उभा राहिलो. काकांच्या बायकोने तो पाहिला. "आता कित्याक रे तो?" एवढेच म्हणाली.

दिवस मावळायच्या आत माणसे त्यांना खालच्या अंगाच्या कांदळवनातून उचलून घेऊन आली. ते जिवंत होते. होडी दांड्यावरून समुद्रात गेली ती परत आली नाही. उजवा खांदा निखळला होता. तो बसवला, पण पुन्हा कधी वल्हे मारण्याजोगा झाला नाही. मला त्यांनी एका शब्दानेही दोष दिला नाही. उशाशी बसलो तर विचारले, "तुझी नोकरी बरी चलता मां?"

त्या नारळी पौर्णिमेला त्यांनी डाव्या हाताने पाण्यात नारळ सोडला. काठावर होडी नव्हती. शाळेची मुले त्या वर्षी दूरच्या रस्त्याने जात. मी मुंबईला दोन पत्रे लिहिली. पोच आली, उत्तर आले नाही. दर महिन्याला यादी छापून शाखांना देणे माझेच काम होते. आमच्या खाडीची ओळ त्यात मार्च संपेपर्यंत येत राहिली. होडी नाही, तारी नाही. आणि पुढे छापलेले असे, चालू.

भाऊ प्रत्येक तावावर त्या ओळीपुढे शाईने लिहीत: बंद. मग ताव माझ्याकडे सरकवत आणि म्हणत, "सही कर." मी करत असे.