मी सरकवलेला आंबा

मुंबईहून चित्रकलेचं शिक्षण पुरं करून मी कर्जतच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर म्हणून लागलो, तेव्हा माझ्या अंगात फार कला होती. वर्गात मुलांना कळशी आणि दोन वांगी काढायला शिकवायची आणि मनातल्या मनात स्वतःची कीव करायची, असा दिनक्रम होता. मुंबईत लाइफच्या, म्हणजे जिवंत माणूस बघून काढायच्या तासाला आमच्यासमोर पगारी माणूस दोन-दोन तास बसायचा. इथे कोण बसणार? हाताला गंज चढेल या धास्तीने मी दर रविवारी सायकलला बोर्ड बांधून भिवपुरीच्या बाजूच्या खेड्यांत जायचो आणि दिसेल त्याला बसा म्हणायचो.

बसायला कुणाची ना नसायची. अडचण पुढे यायची. एका बाईला हलू नका म्हटलं, तर तिने श्वासच रोखून धरला; शेवटी मीच हात जोडले. एक जण नाक काढून होईपर्यंत छान बसला आणि मग "बगू" म्हणत उठून माझ्या पाठीमागे येऊन उभा राहिला. रिकाम्या जागेकडे तोही बघतोय आणि मीही बघतोय.

मग मला एक म्हातारा सापडला. त्याच्या भाताच्या खाचरात बांधाला अगदी चिकटून एक रायवळ आंबा होता आणि पलीकडचं शेत त्याच्या चुलतभावाचं. चुलतभावाचं म्हणणं, झाड माझं. मोजणीचा दगड कधीचाच नाहीसा झाला होता आणि तो दुसऱ्याने उपटला यावर दोघांचंही एकमत होतं. त्यामुळे कैरी धरली की म्हातारा झाडाखाली येऊन बसायचा तो आंबा उतरेपर्यंत. तासन् तास हलायचा नाही. फांदीवरून काही पडलं तर फक्त डोळे फिरायचे. असा मॉडेल मला मुंबईतही मिळाला नव्हता. त्याचे हात, गुडघे, पाठ, मानेच्या शिरा काढून काढून मी एक अख्खी वही भरली. मी काय काढतो, हे त्याने एकदाही विचारलं नाही. फक्त एकदा म्हणाला, "मास्तर, तुमी हायत तवर मी जरा डोला लावू का?" त्या दुपारी राखणदारी मी केली.

त्याच उन्हाळ्यात मुंबईच्या एका प्रदर्शनाला मोठं निसर्गचित्र पाठवायचं मी ठरवलं. जागा तीच निवडली. पुढे कापलेल्या भाताची पिवळी धसं, त्यांतून सरळ आत जाणारा बांध, त्याच्या उजव्या अंगाला आंबा आणि मागे माथेरानचा डोंगर. सगळं जमून आलं होतं, पण झाड नेमकं कागदाच्या मधोमध येत होतं. मधल्या झाडाने चित्र दुभंगतं, हे आमच्या मास्तरांनी आम्हाला घोटून घोटून शिकवलेलं. मी ते चार बोटं डावीकडे सरकवलं. लगेच आभाळ मोकळं झालं, डोंगराला जागा मिळाली. तोवरचं माझं ते सगळ्यात चांगलं चित्र होतं, हे मी आजही म्हणेन.

चित्र वाळत ठेवलं होतं, तेवढ्यात चुलतभाऊ तिथून चालला होता तो थबकला. बराच वेळ बघत राहिला. मग घरी जाऊन माझ्यासाठी तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा घेऊन आला. मला वाटलं, चला, खेड्यात एक तरी रसिक भेटला.

"मास्तर, ह्ये जसं हाय तसंच काडलंय ना?" त्याने विचारलं.

"जे दिसतं तेच," मी छाती काढून म्हणालो. "एक रेघ इकडची तिकडे होणार नाही."

"बरं," म्हणाला आणि गेला.

पुढच्या रविवारी गावात शिरलो, तर मारुतीच्या देवळापुढे गावातले पाच जाणते बसलेले. एका बाजूला म्हातारा, दुसऱ्या बाजूला चुलतभाऊ. मला चित्र मागितलं. मी हौसेने सायकलवरून सोडून दाखवलं. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की चार बोटांत झाड बांध ओलांडून चुलतभावाच्या शेतात गेलं होतं.

"शाळेचा मास्तर हाय. त्याला कुनाची बाजू घ्यायचं कारन नाय," चुलतभाऊ पंचांना म्हणाला. "यक रेघ हलवत नाय, आसं त्येच सांगतात."

इतके दिवस मी म्हाताऱ्याकडे बघत होतो. तो माझ्याकडे पहिल्यांदा बघत होता.

"झाड मी सरकवलं," मी म्हणालो.

"कुनाच्या सांगन्यावरनं?" एका पंचाने विचारलं.

"कुणाच्या नाही. मधोमध झाड बरं दिसत नाही."

पंचांतला सगळ्यात वयस्कर होता, तो म्हणाला, "मी लहानपनापासनं बगतोय. मला कदी वाईट नाय दिसलं."

"मंग आता माघारी जाग्यावर ठेवा," दुसरा म्हणाला.

"हे पाण्याचे रंग आहेत. यात झाड हलवता येत नाही."

"तिकडं नेताना बरं हाललं."

तासभर खल झाला आणि तोडगा निघाला. कोरी जागा म्हणून आभाळ निवडण्यात आलं. एका दमात, न थांबता, श्वास रोखून रंगवलेलं माझं ते आभाळ! त्यावर मी शाईने लिहिलं: 'या चित्रातील आंबा मास्तरांनी शोभेसाठी डावीकडे घेतला आहे. प्रत्यक्षात तो बांधाच्या उजव्या अंगास आहे.' खाली माझी सही. त्याखाली माथेरानच्या डोंगरावर पंचांच्या दोन सह्या आणि तीन अंगठे. मग चित्राच्या चार घड्या घालून म्हाताऱ्याने ते सातबाऱ्याबरोबर पेटीत ठेवलं. प्रदर्शन बुडालं. म्हाताऱ्याचं झाड वाचल्याचा आनंद मला त्या दिवशी अजिबात झाला नाही. मी त्या गावचा रस्ताच सोडला.

तीन वर्षांनी वळवाच्या वादळात आंबा पडल्याचं कानावर आलं, तेव्हा मात्र राहवलं नाही. जाऊन बघतो तो खोड बांधावर आडवं झालेलं, अर्धं इकडे, अर्धं तिकडे. एका टोकाला म्हातारा बसला होता, दुसऱ्या टोकाला चुलतभाऊ. भांडायला काही उरलं नव्हतं आणि दोघांनाही दुसरं काही सुचत नव्हतं.

मला बघून म्हातारा उठला, घरून चित्र घेऊन आला आणि मांडीवर उलगडून बसला. घड्यांवर कागद फाटायला आला होता. झाडावरून त्याने बोट फिरवलं.

"मी कुटं हाय ह्याच्यात?"

मी गडबडलो. "तुम्हाला घेतलं नव्हतं. चित्रात गर्दी होते."

"यकट्या मान्साची कसली गर्दी?"

मला मनापासून लाज वाटली. "आता काढू का?"

"काडा. झाडाखाली काडा."

"बाबा, पण यात झाड यांच्या शेतात आहे."

म्हाताऱ्याने चुलतभावाकडे पाहिलं. चुलतभाऊ उठून आला, वाकला, आभाळातला मजकूर, डोंगरावरचे अंगठे सगळं त्याने एकदा न्याहाळलं.

"बसवा," तो म्हणाला. "पन पाय आवरून बसवा."

मी पेन्सिल काढली. म्हाताऱ्याकडे बघायची गरज नव्हती, तो मला पाठ होता. मी त्याला मांडी घालून बसवला.